ळ

खानापूर ठाण्यात मी रायटर होतो.
लेखक नव्हे, रायटर :
लोक मराठीत रडत, मी कानडीत लिहून घेई.
खाली अंगठा. अंगठ्याला भाषा नसते.

रात्रपाळीला खिशात एखादी रहस्यकथा असायची,
खडेबाजारातल्या भाड्याच्या वाचनालयातली, दिवसाला चार आणे.
शेवटचं पान हटकून फाटलेलं,
कुणीतरी खुनी घरी नेऊन ठेवलेला.
मला त्याचं काही वाटत नसे.
दिवाणखाना, सहा पाहुणे, बंद दार,
एकाला तरी पकडतीलच की.
आमच्याकडे दार कधी बंद नव्हतं.
सगळ्यांना सगळं ठाऊक असायचं,
शोधायचं एवढंच
की कोण काय ठाऊक नाही म्हणणार.

शहाऐंशी साल. भातकापणी.
मलप्रभेच्या अलीकडं, खळ्याच्या कडेला
सिद्राय मादार पालथा सापडला.
मालकाच्या मापाचं बूड आतून ठोकलेलं आहे,
हे त्यानं आदल्या दिवशी चारचौघांत
माप उलटं करून दाखवलं होतं.
पंचनाम्यात मी लिहिलं :
बांधावरून घसरून, दगडावर मान.
दगड स्वच्छ होता.
तेही लिहायला हवं होतं.

साक्षीला त्याची आई, गंगव्वा.
फौजदार हुबळीकडचे, नवे, घाईचे.
"येन नोडिदी, अव्वा?"
काय पाहिलंस.
तिला कानडी कळत होती, पण ती माझ्याकडं बघून बोलली :
"इळा."

आमच्या बोलीत विळ्यातला व
कधीच गळून पडलाय,
मूठ झिजून जावी तसा.
इळा.
फौजदारांनी मान हलवली. "इल्ला."
नाही. काही पाहिलं नाही.
बरी, म्हणाले, पुढं.

ल आणि ळ.
जिभेचं टोक कुठं वळतं, तेवढाच फरक.
कानडीलाही ळ आहे, मराठीलाही आहे.
पाट्यांना डांबर फासलं, बशी अडवल्या,
माझ्या मामेभावाचं डोकं फुटलं एका मोर्चात,
पण ह्या अक्षरावरून कधी कुणी भांडलं नाही.
मला तो लख्ख ऐकू आला होता.

बाहेर जीपच्या सावलीत
मालकाचा कारभारी बिडी ओढत बसलेला,
शेजारी अर्धं पोतं नवा तांदूळ.
वास आतपर्यंत येत होता.
कुणी कुणाला काही म्हणालं नाही, खरंच नाही.
तसं कुणी म्हणालं असतं
तर मी बहुतेक नकार दिला असता.

मी लिहिलं, इल्ला.
कानडीत लच्या पायाशी आणखी एक ल बसवावा लागतो.
नीट बसवला.

अंगठा शाईत बुडवताना
गंगव्वा परत म्हणाली, "इळा,"
हळू, सावकाश,
जणू मला शब्द सापडत नाही
आणि ती मदत करतेय.

तांदूळ आम्ही दिवाळीपर्यंत खाल्ला. वाटे सारखे झाले.
माप ठाण्याचं होतं.

आता शहापुरात असतो, मुलाकडं.
परवा एक बाई आली, काळा कोट हातावर,
नाव तिनं पूर्ण सांगितलं : सावक्का सिद्राय मादार.
बाप गेला तेव्हा पोटात होती.
सुनेनं नाव ऐकलं
आणि फडताळातला काचेचा पेला काढला,
जो आम्ही कधी वापरत नाही.
सावक्कानं पाण्याकडं पाहिलं, पेल्याकडं पाहिलं,
आणि ते पिऊन टाकलं.

मग झेरॉक्स मांडली. फिकट, तिरकी.
"आजी मरेपर्यंत म्हणायची, मी सांगितलंय.
इथं तर नाही असं आहे."
मी चष्मा शोधत राहिलो. तो डोळ्यांवरच होता.

"काका, अक्षर तुमचंच ना?"
माझंच, म्हटलं.

तिनं बोट ठेवलं.
"कुठलं?"